सत्तावीस जागा

‘एक,’ अण्णा म्हणाले.

‘एक,’ गुरुजी म्हणाले.

‘शून्य.’

‘शून्य.’

‘आठ.’

‘आठ.’

अंक जुळला की मांडव टाळी वाजवत होता. पहिल्या चार टाळ्या उत्साहाच्या होत्या, नंतरच्या भजनातल्या.

दसऱ्याचा दिवस, साल १९८८. टेबलावर आमच्या गावातला पहिला कॉम्प्युटर. त्याला झेंडूचा हार घातलेला आणि हळदकुंकू वाहिलेलं. कुंकू नेमकं पडद्याच्या काचेवर लागलं होतं. त्यामुळे यंत्राला सौभाग्य लाभलं, पण मधल्या चार ओळी दिसेनात. एका बाजूला अण्णा काटकर, शिक्षणसंस्थेचे चेअरमन, प्रिंटरमधून निघालेला कागद वाचत होते. दुसऱ्या बाजूला तळेकर गुरुजी, पाचवीचे वर्गशिक्षक, शाळेच्या ठरावबुकातून वाचत होते. दोन्हीकडे एकच आकडा असायला हवा होता, एकोणतीस अंकी. यंत्राशेजारी टाय लावून घामाघूम उभा होतो तो मी, सोपान धोत्रे, यंत्राचा मालक.

गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक ओळखतील, आणि मला त्या गावात अजून मान आहे.

हा आकडा कुठून आला ते आधी सांगायला हवं. आम्ही वडार. दगड फोडणारे. आमच्या वस्तीवरची पोरं शाळेत जायची ती दाराशी, चपलांच्या जवळ बसायची. तसा नियम कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कधी मोडला जात नव्हता. मी पाचवीत गेलो त्या वर्षी तळेकर गुरुजी शाळेत आले. त्यांनी पहिल्याच दिवशी वर्गात तीन बसकरपट्ट्या अंथरल्या, एकेकीवर नऊ जागा, एकूण सत्तावीस, आणि सांगितलं, ‘आज या क्रमाने बसा. उद्या दुसऱ्या. एकदा झालेला क्रम पुन्हा नाही.’ रोजचा क्रम ते वहीत लिहून ठेवायचे.

आठवड्यात पालक आले. ‘गुरुजी, आमचा पोरगा कुणाशेजारी बसवलाय ते बघितलंत का?’

‘एकाच दिवसापुरता,’ गुरुजी म्हणाले. ‘सगळे क्रम एकेकदा होऊन गेले की पहिल्यासारखं बसायचं. मग तुमचा मुलगा कायमचा पुढे.’

‘किती दिवसांत होतील?’

‘मोजायचं काम चालू आहे.’

ते काम त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत केलं. पहिल्या जागेवर सत्तावीसांपैकी कुणीही, दुसऱ्या जागेवर उरलेल्या सव्वीसांपैकी, तिसऱ्यावर पंचवीसांपैकी, असं करत एकापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. मग तो आकडा त्यांनी संस्थेच्या ठरावात घातला: ‘विद्यार्थी दररोज नव्या क्रमाने बसतील. सर्व क्रम होऊन गेल्यावर पूर्वीची पद्धत चालू करण्यात यावी. क्रमांची एकूण संख्या पुढीलप्रमाणे.’ पुढे एकोणतीस अंक. तेवढे दिवस कुणाच्याच हयातीत संपणार नव्हते. तेव्हाच्या चेअरमनना तो आकडा वाचता येईना. वाचता येत नाही असं म्हणण्यापेक्षा सही करणं सोपं होतं. त्यांनी सही केली.

सरकारी कामात ‘लवकरच’ हा शब्द गरिबाला थोपवायला वापरतात. तो गरिबाच्या बाजूने वापरलेला मी आयुष्यात एवढा एकदाच पाहिला.

एकोणीस वर्षं पाचवीचा वर्ग त्या ठरावावर बसला. मी एका सोमवारी पहिल्या पट्टीवर पहिल्या जागी बसलो होतो. फळ्यावर खडू ओढताना उडणारी भुकटी तिथे अंगावर येते. ते मला तोवर माहीत नव्हतं.

पुढे मी पुण्याला गेलो, सहा वर्षं एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बसलो आणि यंत्र घेऊन गावी आलो. कॉम्प्युटरच्या क्लाससाठी जागा अण्णांनी दिली, दूध डेअरीच्या वरची खोली. अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त शाळेचा निकाल सुधारायचा होता. ‘हुशार पोरं पुढं, बाकीची मागं, तालुक्याला असंच करतात,’ ते म्हणायचे. ठराव आडवा येत होता. अण्णा कायद्याने चालणारे. ‘आकडा बरोबर असेल तर ठराव राहिला. चुकलेला असेल तर ठरावच चुकला. सोपानराव, तुमच्या यंत्राचं पहिलं काम हेच.’

मी आदल्या दिवशीच प्रोग्रॅम चालवून बघितला होता. बारा ओळींचा, बेसिक भाषेतला. गुणाकार आणि मग एकेक अंक सुटा करून छापायचा. शेवटचे अंक जुळत नव्हते. गुरुजींचं घर माझ्या खोलीपासून दीडशे पावलांवर. मी गेलो नाही. मांडवात उघड झालं तर मजा येईल असं मला वाटलं.

‘तीन,’ अण्णा म्हणाले. हा पंधरावा होता.

‘तीन.’

‘पाच.’

‘पाच.’

‘दोन.’

‘दोन.’

‘तीन.’

गुरुजी थांबले. ठरावबुक जरा लांब धरून त्यांनी पाहिलं. ‘एक,’ ते म्हणाले.

टाळी वाजली नाही. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने सवयीने एक वाजवली.

‘पुढं वाचू का?’ अण्णांनी विचारलं.

‘नको,’ गुरुजी म्हणाले. ‘सोपाना, शेवटचे सहा अंक कोणते आलेत, बघ.’

मी कागद घेतला. शेवटी कसलेही अंक होते, चार, नऊ, दोन असले.

‘तिथं सहा शून्यं पाहिजेत,’ गुरुजी म्हणाले. आवाज वर्गातलाच. ‘सत्तावीसपर्यंत पाच आहे, दहा आहे, पंधरा, वीस, पंचवीस आहे. पंचवीसात पाच दोनदा. म्हणजे सहा पाच झाले. जोडीला दोन हवे तेवढे. पाच दुणे दहा. सहा वेळा दहाने गुणलेला आकडा सहा शून्यांवरच संपतो. मी कुठे चुकलो असेन तर मधे चुकलो असेन. यंत्र शेवटी चुकलंय.’

दोन-चार माणसं बोटांवर मोजायला लागली. डेअरीवरची खोली, बोर्ड रंगवून तयार, बेचाळीस नावं नोंदलेली. अण्णा माझ्याकडे बघत होते. मी माईक घेतला.

‘गुरुजी,’ मी म्हणालो, ‘चाळीस वर्षं तुम्ही शिकवता आहात. तुमच्या हिशोबात शेवटी शून्यच उरायचं. यंत्राच्या हिशोबात माणसाच्या हाती काहीतरी लागतं!’

मांडव हसला. मागच्या खांबापर्यंत हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णा पोट धरून हसले. माणसांनी भरलेली जागा आपल्या एका वाक्याने अशी हलते हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे पस्तीस वर्षं मी त्याच्यावर जगलो.

गुरुजीही हसले. त्यांनी ठरावबुक मिटून अण्णांच्या हाती दिलं आणि खाली जाऊन बसले. अण्णांनी हात वर करायला सांगितलं. ठराव रद्द झाला.

संध्याकाळी मी सोनं द्यायला गुरुजींकडे गेलो. दसऱ्याला आपट्याची पानं मोठ्यांना द्यायची, पाया पडायचं, ते चुकवलं तर गाव बोलतं. गुरुजींनी पानं घेतली, मला त्यांची दिली. ‘सोन्यासारखा राहा,’ म्हणाले. मग समोर पाट सरकवला.

‘सोपाना, तुझं यंत्र आकडा कशावर लिहितं?’

‘कशावर म्हणजे? मेमरीत.’

‘तिथं एका आकड्याला जागा किती?’

मला ठाऊक होतं आणि मी त्याचा विचार केला नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी माझ्या लक्षात आल्या.

‘हे बघ,’ ते म्हणाले, ‘माझ्याही वहीचं पान संपलं होतं, एकविसाव्या गुणाकाराला. मी दुसरं पान जोडलं. तुझं यंत्र पान संपलं की काय करतं, ते बघून ये.’

‘गुरुजी, मघाशी मी जे बोललो...’

‘चांगलं बोललास. वेळेवर बोललास. आधी बघून ये.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीचं दार आतून लावून बसलो. यंत्राला विचारलं, दहा माणसांच्या रांगा किती? बरोबर आलं. वीस? बरोबर. पंचवीसच्या पुढे शेपटीचे अंक सरळ थाप मारत होते. पहिले सोळा-सतरा अंक खरे, बाकीची जागा भरायची म्हणून भरलेली. तेहतीसपर्यंत असं चाललं. चौतीस विचारलं तेव्हा पडद्यावर ‘ओव्हरफ्लो’ आलं आणि खाली एक आकडा. पस्तीस विचारलं, तोच आकडा. चाळीस, तोच. शंभर, तोच.

एकोणचाळीस अंकी होता. त्याहून मोठं काही लिहायची सोयच नव्हती, म्हणून तिथून पुढचं सगळं त्या एका आकड्यावर आणून सोडलेलं. त्या यंत्राचा अनंत तेवढाच होता. चौतीस माणसं आणि शंभर माणसं त्याच्या लेखी सारखीच.

मग मी गुरुजींसारखं केलं. एका आकड्याला एक कप्पा न देता एकेका अंकाला एकेक कप्पा दिला. जागा संपली की पुढचा कप्पा. आणि यंत्राला हातचा घ्यायला शिकवलं, दुसरीतल्या पोराला शिकवतात तसा. दुपारपर्यंत झालं. प्रिंटर कुरकुरला आणि एकोणतीस अंक कागदावर उतरले. ठरावाची नक्कल माझ्याकडे होती. मी एकेका अंकावर बोट ठेवत गेलो. एकही चुकलेला नव्हता.

कागद घेऊन पळतच गुरुजींकडे गेलो. ते अंगणात सायकलची साखळी बसवत होते, हात काळे.

‘गुरुजी, तुमचं बरोबर होतं.’

‘ते मला माहीत आहे.’ त्यांनी कागदाकडे पाहिलं, हाताला तेल होतं म्हणून घेतला नाही. ‘मला कशाला सांगतोस? तिथं सांग.’

‘कुठं?’

‘अण्णांच्या पुढ्यात, लोकांच्या पुढ्यात. शाळा दिवाळीपर्यंत चालू आहे. तोवर पोरं आहे त्याच क्रमाने बसतील. सुट्टीनंतर नवीन बसायचं सुरू होईल. त्याच्या आधी सांग.’

‘सांगतो.’

‘तुला अवघड जाईल.’

‘नाही हो गुरुजी, त्यात काय?’

अण्णांनी कागद शांतपणे बघितला. चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितला. ‘शाब्बास,’ ते म्हणाले. ‘म्हणजे यंत्र चुकतं.’

‘यंत्र नाही, अण्णा. मी ज्या पद्धतीनं विचारलं ती...’

‘लोकांना तेवढं कळणार आहे का? लोक म्हणणार, धोत्र्याचं यंत्र चुकतं. तळेकर मास्तर वहीत करतो ते याला येत नाही. कोण पाठवील पोरं तुझ्याकडं? तुमच्या वस्तीतला पहिला पोरगा वर आला म्हणून मी मिरवतो तुला.’ त्यांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला, स्वतःच्या हाताने. ‘दिवाळी होऊ दे. बघू.’

अण्णांनी कुठेही धमकी दिली नाही. त्यांनी चहा पाजला.

दिवाळी झाली. माझ्या भावाची मुलगी मंगल त्या वर्षी पाचवीत होती. शाळा उघडली त्या दिवशी घरी आली आणि दप्तर ठेवून म्हणाली, ‘काका, आम्हाला नवीन रांग लावली. आता ती कधी बदलणार नाही.’

‘कशी बसवलीत?’

‘मार्कांवर. चाचणीच्या.’

‘तू कुठं?’

‘तिसऱ्या पट्टीवर. दाराशी.’ मग म्हणाली, ‘आपल्यातल्या सहाजणी सगळ्या तिथंच आहोत. गप्पा मारता येतात.’

घरी आम्ही वडारी बोलतो. चाचणीत मराठीचे मार्क होते, इतिहासाचे होते. गणितात ती वर्गात दुसरी होती. एकूण बेरजेत चोविसावी.

मी म्हटलं, या आठवड्यात सांगून टाकू. क्लासची दुसरी तुकडी सुरू व्हायची होती. म्हटलं, ती सुरू होऊ दे.

गुरुजी रस्त्यात भेटले. ‘झालं का?’ त्यांनी विचारलं.

‘बोललोय अण्णांशी. होईल.’

नाताळात पुन्हा भेटले. ‘झालं का, सोपाना?’

‘करतो, गुरुजी.’

मार्चमध्ये भेटले तेव्हा त्यांनी घरच्यांची चौकशी केली. ऊन वाढलंय म्हणाले. विचारलं नाही. मी सुटलो असं मला वाटलं.

एप्रिलअखेर गुरुजी निवृत्त झाले. निरोपसमारंभात भाषणाला मला उभं केलं. दसऱ्यापासून गावात कुठलाही कार्यक्रम माझ्या भाषणाशिवाय होत नव्हता. छपाईचा कागद शर्टच्या खिशात होता. घडीवर फाटायला आलेला. बाहेर काढायला हात गेलाही. पण मी सुरुवातीला गुरुजींच्या सायकलवर एक विनोद केला आणि लोक हसले. मग छत्रीवर केला. मग थांबता येईना. वीस मिनिटं मांडव हसत होता. खाली बसलो तेव्हा कागद घामाने ओला झाला होता.

समारंभ संपल्यावर गुरुजींनी मला वर्गात बोलावलं. कपाट रिकामं करत होते. एका खणात वह्या होत्या, एकोणीस वर्षांच्या रांगांच्या.

‘या घेऊन जातोय लेकीकडे,’ ते म्हणाले. ‘रद्दीत कशाला द्यायच्या?’

सगळ्यात वरची मी उघडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर दसऱ्यानंतरच्या दिवसाची तारीख होती आणि सत्तावीस नावं. रांग आदल्या दिवशीच तयार करून ठेवायची त्यांची पद्धत होती. पहिल्या पट्टीवरची पहिली जागा: मंगल धोत्रे.

‘हिचा नंबर कधी लागला होता का आधी?’ मी विचारलं.

‘पहिल्या जागेवर? नाही. त्या दिवशी लागणार होता.’ त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि बाकीच्यांबरोबर सुतळीने बांधली. गाठ मारताना मला बोट ठेवायला सांगितलं. मी ठेवलं.

पुढच्या वर्षी थंडीत ते गेले. मला आठ दिवसांनी कळलं. मंगलने सातवीनंतर शाळा सोडली. तिला कुणी सोड म्हटलं नाही. ती आपणच आईबरोबर खाणीवर जायला लागली. अण्णाही गेले, त्यांच्या शोकसभेत मी बोललो, लोक रडता रडता हसले. डेअरीवरची खोली मी सोडली, एका साप्ताहिकात लिहायला लागलो, मग दिवाळी अंकांत, मग पुस्तकं झाली. त्यात मी सगळ्यांची चेष्टा केली. मंत्र्यांची, मास्तरांची, देवळांची, स्वतःचीही, पण बेतानं.

तीन वर्षांपूर्वी चाकणला मंगलकडे गेलो होतो. नवरा कंपनीत, ती तिथल्याच कँटीनमध्ये पोळ्यांवर. मुलगा ओंकार इंजिनिअरिंगला. सुट्टीचा दिवस होता. मंगल जमिनीवर बसून मेथी निवडत होती आणि ओंकार मला त्याच्या लॅपटॉपवर काहीतरी दाखवत होता.

‘आजोबा, या भाषेत पूर्णांकाला शेवटच नाही. कितीही मोठा घ्या, ती आपणच जागा वाढवत नेते.’

‘पान जोडते,’ मी म्हणालो.

‘काय?’

‘काही नाही. आणि अनंत?’

‘तो वेगळा लिहायचा. त्याला आकडा नाहीच. कशाशीही तुलना करा, तो मोठाच येतो. कुठला तरी मोठा आकडा घेऊन त्यालाच अनंत म्हणायची गरज नाही.’

‘सत्तावीस माणसांच्या रांगा किती, विचार तिला.’

त्याने एक ओळ लिहिली. बटण दाबून बोट उचलायच्या आत उत्तर आलं होतं. एक, शून्य, आठ, आठ. मी शेवटपर्यंत वाचत गेलो. मला कागद लागला नाही, पाठ होतं.

‘हा कसला आकडा आहे?’ ओंकारने विचारलं.

मी त्याला सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो आणि सुरुवात नेहमीप्रमाणे गमतीने केली. हार घातलेलं यंत्र, काचेवरचं कुंकू. तो हसत होता. पुढे पुढे हसायचा थांबला. मंगलचे हात कधी थांबले ते मला कळलं नाही.

‘म्हणजे यंत्र चुकलं होतं?’ ती म्हणाली.

‘मी चुकलो होतो.’

‘तुला कधी कळलं?’

‘दुसऱ्या दिवशी.’

‘दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी?’

‘हो.’

तिने मांडीवरची पानं झटकली. ‘गुरुजींना माहीत होतं?’

‘होतं. त्यांना मी सांगितलं.’

‘त्यांना सांगितलंस,’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘मला वाटलेलं, माझ्यातच काहीतरी कमी असणार. पुण्याहून एवढं यंत्र आणलं, सगळ्या गावानं बसून तपासलं, आणि मग मला दाराशी बसवलं. मी म्हटलं, एवढं तपासून बसवलंय म्हणजे बघूनच बसवलं असणार.’

ओंकारने लॅपटॉप अर्धवट मिटला.

मंगलने पुन्हा मेथी ओढली आणि निवडायला लागली. मी खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि एक जुडी उचलली. तिने वर न बघता ती माझ्या हातातून काढून घेतली आणि आपल्या पुढ्यात ठेवली.